विश्लेषण : सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणणार, पण निम्मे म्हणजे नेमके किती?

केंद्राच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे यश दिल्लीत ठरणार नाही. थळसारख्या गावातून निघालेल्या रुग्णाची नोंद होते की नाही, त्यावर ते ठरेल. विंचूदंशाच्या बाबतीत याच रायगड जिल्ह्याने ते आधी करून दाखवले आहे.

भातलावणी सुरू झाली की कोकणात सर्पदंशाचे रुग्णही वाढतात. बिळांत पाणी शिरल्याने साप बांधावर, वाडीत, लाकडांच्या ढिगात आणि घरात येतात. दरवर्षीचेच म्हणून त्याकडे दुर्लक्षही होते. मात्र आता केंद्र सरकारने सर्पदंशाला राष्ट्रीय आरोग्य नियोजनात स्वतंत्र जागा दिली आहे आणि त्यासाठी मुदतही ठरवली आहे. २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे हे उद्दिष्ट आहे. अडचण अशी की आज मृत्यू किती होतात, यावरच सरकारी कागदांचे एकमत नाही.

राष्ट्रीय आराखडा काय सांगतो?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १२ मार्च २०२४ रोजी सर्पदंश विषबाधा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो 'एक आरोग्य' या संकल्पनेवर बेतलेला आहे. म्हणजे जबाबदारी एकट्या आरोग्य खात्याची नाही, वन आणि पशुसंवर्धन विभागांनाही त्यात वाटा उचलायचा आहे. आरोग्य केंद्रांत प्रतिविषाचा साठा ठेवणे, डॉक्टर आणि आशा सेविकांना प्रशिक्षण देणे, रुग्णाला वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था, प्रादेशिक विष संकलन केंद्रे आणि प्रत्येक दंशाची नोंद, ही त्याची मुख्य अंगे आहेत.

यामागे जागतिक घडामोडी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. २०१९ मध्ये संघटनेने आपले धोरण जाहीर करताना २०३० पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार लोक सर्पदंशाने दगावतात, असा संघटनेचा अंदाज आहे. त्यातील जवळपास निम्मे मृत्यू भारतात होतात. त्यामुळे भारताने लक्ष्य गाठले नाही, तर जगालाही ते गाठता येणार नाही.

आकड्यांत एवढी तफावत का?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्याच माहितीत दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. एका अंदाजानुसार देशात दरवर्षी ३० ते ४० लाख सर्पदंश होतात आणि सुमारे ५० हजार माणसे मरतात. दुसरीकडे २०१६ ते २०२० या काळातील सरकारी आरोग्य यंत्रणेच्या अहवालांनुसार वर्षाला सरासरी ३ लाख सर्पदंश आणि सुमारे २ हजार मृत्यू नोंदले गेले. दोन्ही आकड्यांत २५ पटींचा फरक आहे.

दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने आले आहेत. ५० हजारांच्या आसपासचा अंदाज घरोघरी जाऊन केलेल्या चौकशीतून आला. मृताच्या नातेवाइकांना लक्षणे आणि घटनाक्रम विचारून डॉक्टरांनी मृत्यूचे कारण ठरवले. याच पद्धतीवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाची सरासरी ५८ हजार येते. त्यातील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले होते.

याउलट २ हजारांच्या आकड्यात यंत्रणेपर्यंत पोहोचलेले आणि यंत्रणेने वर कळवलेले मृत्यूच येतात. भगताच्या अंगणात किंवा वाटेत गेलेला जीव त्यात मोजला जात नाही. खासगी दवाखान्यातला मृत्यूही अनेकदा सुटतो.

म्हणून 'निम्मे' या शब्दाला अर्थ हवा असेल, तर आधी मोजणी दुरुस्त करावी लागेल. २ हजारांचे निम्मे एक हजार होतात आणि ५८ हजारांचे निम्मे २९ हजार. मोजणी सुधारली, तर सुरुवातीला कागदावरचे मृत्यू वाढलेले दिसतील. ती वाढ अपयश नसून कामाची पहिली खूण असेल. आकडा वाढला म्हणून एखाद्या जिल्ह्याला जाब विचारला गेला, तर नोंदी पुन्हा दडपल्या जातील.

थळ आणि परिसरात धोका कुठला?

अलिबाग तालुक्यातील थळ हे गाव राज्याला खत प्रकल्पामुळे माहीत आहे, तर पर्यटकांना समोरच्या खांदेरी-उंदेरीमुळे. पण गावाची रोजची वस्ती कोळीवाडा, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि भातशेती यांत विभागलेली आहे. सर्पदंशाच्या दृष्टीने या तिन्ही जागांचा धोका वेगळा आहे.

देशातील सुमारे ९० टक्के सर्पदंशांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत आहेत, असे आरोग्य मंत्रालय सांगते. कोकणाला हे चारही परिचित आहेत. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करून श्वास थांबवते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना इतकी कमी असते की अनेकदा साप चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात आणि घरचे पित्त समजून थांबतात.

कोळीवाड्यात आणखी एक धोका आहे, तो म्हणजे समुद्री साप. जाळ्यात अडकलेला समुद्री साप हाताने सोडवताना दंश होऊ शकतो. जागेवर फारशी सूज दिसत नाही. काही तासांनी अंग दुखते आणि लघवी गडद होते. भारतात मिळणारे प्रतिविष वर सांगितलेल्या चार जमिनीवरील सापांच्या विषापासून बनते. समुद्री सापावर ते चालत नाही. अशा रुग्णाला श्वासाचा आधार आणि गरज पडल्यास डायलिसिस मिळेल अशाच ठिकाणी न्यावे लागते. त्यामुळे एका राष्ट्रीय आराखड्यात किनाऱ्यावरच्या गावाची गरज घाटावरच्या गावापेक्षा वेगळी धरावी लागते.

अलिबाग जवळ असूनही उशीर का होतो?

थळहून अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय काही किलोमीटरवर आहे. जिल्ह्यातील सुधागड, म्हसळा किंवा पोलादपूरच्या डोंगरवाड्यांशी तुलना केली, तर थळकर सुदैवी म्हणायला हवेत. कातकरी आणि ठाकर वाड्यांतून रुग्णाला डांबरी रस्त्यापर्यंत आणायलाच वेळ जातो.

पण अंतर कमी असले म्हणून उपचार लवकर सुरू होतातच असे नाही. पहिला उशीर घरात होतो. साप बिनविषारी असेल, बघू, या विचारात तास निघून जातो. दुसरा उशीर भगताकडे जाण्यात होतो. तिसरा उशीर खुद्द यंत्रणेत होतो. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनवले जाते. घोड्याला सापाच्या विषाचे छोटे डोस देऊन त्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध केली जातात. त्यामुळे काही रुग्णांना या औषधाचीच तीव्र ॲलर्जी होते आणि रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रेनलीन हे हाताशी असणारे औषध आहे. मात्र सराव नसलेला डॉक्टर ही जोखीम घ्यायला घाबरतो आणि पहिला डोस न देताच रुग्णाला पुढे पाठवतो. गाडीत गेलेला हा वेळ भरून निघत नाही.

चौथी अडचण ऋतूची आहे. रुग्णाला मुंबईला हलवायची वेळ आली, तर वडखळमार्गे रस्ता हाच मुख्य आधार उरतो. गेटवे-मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते आणि भाऊच्या धक्क्याची रो-रो हवामानावर अवलंबून असते. सर्पदंश सर्वाधिक होतात तेच हे महिने. म्हणून डायलिसिस आणि व्हेंटिलेटरची सोय अलिबागमध्येच भक्कम असणे, ही या किनाऱ्यासाठी पहिली गरज ठरते.

महाडने काय करून दाखवले?

रायगड जिल्ह्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर चार दशकांपासून आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लहान मुले आणि धडधाकट माणसे दगावत होती. विंचू चावला की माणूस जगला तर नशीब, अशी स्थिती होती.

बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा थंडपणा यांच्या तासागणिक नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरात ॲड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्या नोंदींतून दिसले. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे जुने, स्वस्त औषध यावर उपयोगी पडते, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. गोळी तोंडाने देता येते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते. विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले.

ते तिथेच थांबले नाहीत. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूचे प्रतिविषही दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले. फक्त प्राझोसिन मिळालेल्यांना सुमारे १८ तास लागले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

यात महागडे यंत्र नव्हते आणि नवे रुग्णालयही नव्हते. एका ग्रामीण डॉक्टरने प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, ती इतरांना तपासता येईल अशी मांडली आणि उपचार आरोग्य केंद्रापर्यंत खाली आणले. सर्पदंशाच्या राष्ट्रीय आराखड्याला नेमके हेच सगळ्या देशात करायचे आहे.

पालघर जिल्ह्यातील डहाणूतही याच वाटेने काम झाले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने राज्याच्या आरोग्य विभागासोबत तेथील डॉक्टर, आशा सेविका आणि आदिवासी पाड्यांत प्रशिक्षण व जनजागृती केली. भगतांनाही त्यात सामील करून घेतले. सर्पदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण तेथे लक्षणीय घटल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे.

आफ्रिकेचा धडा काय?

नोंदी नसतील तर औषध असूनही माणसे कशी मरतात, हे आफ्रिकेने अनुभवले आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील अनेक देशांचा भर एका फ्रेंच कंपनीच्या प्रतिविषावर होता. नफा नसल्याने कंपनीने २०१४ मध्ये उत्पादन थांबवले. शेवटच्या साठ्याची मुदत जून २०१६ मध्ये संपणार, असा इशारा 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने २०१५ मध्ये दिला होता. स्वस्त पर्याय म्हणून अनेक ठिकाणी इतर प्रतिविषे आली होती. त्यांत भारतात बनलेलीही होती.

घानात २००४ मध्ये असाच बदल झाला. तेथील ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा सर्पदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. तेथे चावणारा साप आपल्या फुरशाचाच आफ्रिकी भाऊबंद होता. नाते जवळचे असले तरी विष वेगळे होते आणि नवे औषध त्याला पुरे पडत नव्हते, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. नोंदी ठेवल्या नसत्या, तर हे कधी कळलेच नसते.

हा प्रश्न महाराष्ट्रालाही लागू पडतो. भारतातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. मात्र एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार सध्याचे प्रतिविष सुमारे ८० टक्के सर्पदंशांत परिणामकारक ठरते. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर प्रादेशिक विष संकलन केंद्रांत शोधायचे आहे. कोकणातल्या फुरशावर किती कुप्या लागतात, हे कोकणातल्याच रुग्णांच्या नोंदी सांगू शकतात.

'नोंद बंधनकारक' झाल्याने काय बदलेल?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून सर्पदंश हा 'अधिसूचित आजार' जाहीर करण्यास सांगितले. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने हा निर्णय प्रत्येक राज्याने आपापल्या कायद्यांतर्गत घ्यायचा आहे. कर्नाटकने फेब्रुवारी २०२४ मध्येच तसे केले होते. तामिळनाडूनेही त्याच वर्षी हे पाऊल उचलले.

अधिसूचना म्हणजे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक संशयित सर्पदंश आणि मृत्यू कळवणे बंधनकारक होते. याचा थेट परिणाम साठ्यावर होतो. सरकारी औषधांचे मागणीपत्र मागील वापरावर बेतलेले असते. विषबाधेची चिन्हे दिसणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. दोन रुग्ण पाठोपाठ आले, तर छोट्या केंद्राचा साठा संपतो. गेल्या वर्षीचे चार रुग्ण नोंदलेच गेले नसतील, तर या वर्षी त्यांच्यासाठीच्या कुप्याही येत नाहीत.

दुसरा परिणाम घरच्यांवर होतो. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंशाने झालेला मृत्यू अपघाती धरला जातो आणि वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचे कारण सांगणारा वैद्यकीय कागद महत्त्वाचा ठरतो. आज एकाच मृत्यूची नोंद रुग्णालयात एका ठिकाणी, पोलिसांच्या अकस्मात मृत्यूत दुसऱ्या ठिकाणी आणि कृषी विभागाच्या दाव्यात तिसऱ्या ठिकाणी असते. या तिन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर प्रत्येक तालुक्याचा खरा आकडा हाती लागू शकतो.

साप चावल्यास काय करावे, काय टाळावे?

- रुग्णाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हाडमोडीसारखा स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर ती रुतून बसतात.
- घट्ट दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका, बर्फ किंवा औषधी पाला लावू नका.
- साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका. लक्षणे आणि रक्ताची तपासणी यांवरून उपचार ठरतात.
- १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येण्यास वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.
- दंश नेमका किती वाजता झाला, ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.
- केसपेपरवर 'सर्पदंश' असे लिहिले आहे का, ते पाहून घ्या.

रुग्णालयात सहसा एक साधी चाचणी होते. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषबाधेची शक्यता असते. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्रही लागत नाही. सरकारी रुग्णालयांत प्रतिविष मोफत मिळते.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडणे, शेतात गमबूट घालणे आणि पाल्याचा-लाकडांचा ढीग घरापासून दूर ठेवणे, एवढ्यानेही बरेच दंश टळतात.

पुढे काय?

ब्रिटिश राजवटीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. सापांची मोजदाद झाली, बक्षिसेही वाटली गेली, पण कोकणातून फुरसे गेले नाही. ते धोरण मेलेले साप मोजत होते. आताच्या धोरणाला चावा झालेली माणसे मोजायची आहेत.

२०३० पर्यंत हाती मोजकेच पावसाळे उरले आहेत. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाडचा अनुभव घरातच आहे. जिल्ह्याने दर पावसाळ्यानंतर तालुकावार तीन आकडे जाहीर केले, तरी पुरेसे आहे. किती दंश नोंदले गेले, पहिला डोस मिळेपर्यंत सरासरी किती वेळ गेला आणि किती मृत्यू झाले, एवढेच ते आकडे. त्यासाठी नवा निधी फारसा लागत नाही. आशा सेविका, आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे आणि कृषी कार्यालय यांच्याकडची माहिती एका तक्त्यात आणावी लागते.

तो तक्ता तयार झाला, तर २०३० मध्ये मृत्यू निम्म्यावर आले का, हे रायगडला पुराव्यानिशी सांगता येईल. नाही झाला, तर लक्ष्य गाठल्याची घोषणा होऊ शकेल, पण ती खरी की खोटी हे तपासायला कुणाकडेच काही नसेल.